आईला कादंबऱ्या वाचून दाखवणे : प्रकल्प नोंदी

१२ जून २०२५

नाव देऊन टाकलं की अर्धवट सोडायला लाज वाटते, म्हणून आधी नाव दिलं. कारण काचबिंदू. आईचा डावा डोळा जवळजवळ गेलाय, उजव्याला मधलं तेवढं दिसतं, कडेचं नाही. गेलेलं परत येत नाही, आहे ते थेंबांनी सांभाळायचं, असं डॉक्टर म्हणाले. थेंब सकाळी नऊ आणि रात्री नऊ, वेळ चुकवायची नाही. त्यामुळे वाचन रात्री आठ ते नऊ.

चाळीस वर्षं सांगलीकडच्या विट्यात ब्लाउज शिवलेली बाई नुसती बसू शकत नाही. टीव्हीवरच्या मालिका लावून दिल्या, तर म्हणाली, "ह्यांच्या घरात कुणी कामच करत न्हाई." विषय संपला.

नोंदी लिहायला दुकानातली जुनी मापाची वही घेतली. पुढची पानं छाती, कंबर, मुंढा, बाही, गळा अशा आकड्यांनी भरलेली, मागची कोरी. रकाने आखलेलेच आहेत, फक्त वर नावं नवी घातली : तारीख, पुस्तक, किती वाजता संपवलं, आईनं कुठे थांबवलं, मी कुठे अडले.

शेवटचा रकाना माझ्यासाठी. मी कादंबऱ्यांवर रडणाऱ्यांपैकी आहे. कॉलेजात असताना एसटीत पुस्तक वाचत इतकी रडले होते, की कंडक्टरनं विचारलं, कुणी गेलं का घरात? एकटीनं रडणं सोपं असतं. मोठ्यानं वाचताना आवाज फुटला तर ऐकणाऱ्यालाही थांबावं लागतं.

१४ जून

सुरुवात 'श्यामची आई'पासून. सोपं पडेल, ओळखीचं आहे, असा हिशोब. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. बेचाळीस रात्री, म्हणजे रोजची एक रात्र घेतली तर दीड महिना पुरेल.

आईला अत्रे यांचा सिनेमा आठवतो. तो १९५३ चा, पण गावात तंबूत पुढं कितीतरी वर्षं येत राहायचा. तेव्हा सगळा तंबू हुंदके देत होता म्हणे. आज तिसऱ्या रात्रीपर्यंत आलो आणि तिचं मत आलं : "पोरगं फार रडतंय. आणि आईला सांगायला एवढा वेळ कुठनं मिळायचा?"

मी अडले नाही. याचंच आश्चर्य वाटलं. शाळेत हे पुस्तक हातात धरवत नसे. आता पुढचं वाक्य मला कुठे नेणार ते दोन ओळी आधी कळतं, आणि कळलं की गळा मोकळा राहतो. पुस्तकाचा दोष म्हणवत नाही. मीच जास्त वाचून बसलेय.

२१ जून

धाकट्या भावाच्या कपड्यांची गोष्ट. श्याम दापोलीला शिकायला, खाऊचे पैसे साठवतो, कापड घेतो, भावासाठी कोट आणि सदरा शिवून घेतो आणि पावसापाण्यातून चालत घरी जातो.

आईनं पहिल्यांदा हात वर केला. (थांबवायची आमची खूण.) "माप कुणाचं दिलं?"

मी पान मागं घेऊ लागले, तर तिनंच उत्तर दिलं. असं गिऱ्हाईक यायचं. मुंबईला गिरणीत असलेला माणूस गावाकडच्या पोराला कपडे शिवायचा. मग रस्त्यावरनं त्याच वयाचं एखादं पोरगं हाक मारून उभं करायचं, त्याचं माप घ्यायचं आणि दोन बोटं वाढवून कापायचं. "वाढवायचंच. बाप सांगतो त्यापेक्षा पोरगं मोठं झालेलं असतं."

हे वाक्य रकान्यात लिहिताना मात्र माझी अडचण झाली. पुस्तकात नसलेल्या वाक्यावर रडले तर ते कुठल्या रकान्यात घालायचं?

४ जुलै

'बनगरवाडी' काढली. 'श्यामची आई'च्या सोळा रात्री राहिल्या आहेत, त्या आषाढीनंतर, असं ठरलं. (त्या राहिल्याच. नोंद प्रामाणिक असावी.)

माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ ची. पोरसवदा मास्तर पहाटे चालत धनगरांच्या वाडीकडे निघतो, आणि पहिल्याच पानापासून आई सरसावून बसली. माणदेश आमच्या उशाशीच. माणदेशातली आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती, आणि आईचे आजोबा औंधच्या राजाचं नाव पंत आला, पंत गेला असं घरच्या माणसासारखं घ्यायचे. माझे उच्चार तिनं चार ठिकाणी दुरुस्त केले. मी शाळेतल्यासारखं वाचते, असं तिचं म्हणणं. बरोबर आहे. मी वाडीच्या म्हाताऱ्या कारभाऱ्याला वर्तमानपत्राच्या मराठीत बोलायला लावत होते.

मोठ्यानं वाचल्यावर एक गोष्ट कळली. माडगूळकरांच्या वाक्यांना श्वास लागत नाही. लहान वाक्य, पूर्णविराम, पुढचं लहान वाक्य. कुठेही 'आता वाईट वाटून घ्या' असा हात खांद्यावर ठेवत नाहीत.

९ जुलै

शेकूकडे दुसरा बैल नाही. पेर तर गेली पाहिजे. तेव्हा त्याची बायको जूवर खांदा देते.

इथे अडले. साधारण एक मिनिट. पाणी प्यायले. विशीत वाचलं तेव्हा याच पानावरून मी भरकन पुढे गेले होते हे मला पक्कं आठवतंय. तेव्हा मला मास्तर आणि अंजीचं काय होतं यातच रस होता.

आई शांत. "खांद्याखाली काय घातलं तिनं? लुगड्याची घडी घालायला पायजे. नाहीतर सोलतंय." मग थोड्या वेळानं : "वाच की."

तिला वाईट वाटलं नाही असं मी आधी लिहिलं होतं, ते खोडलं. त्या बाईचा खांदा सोलू नये याची काळजी करणं म्हणजे काय मग?

१५ जुलै

अंजीच्या चोळीचा भाग. अंजी मास्तरला चोळी शिवून आणायला सांगते, आणि एवढ्याशा गोष्टीवरून कारभाऱ्याच्या मनात संशय शिरतो.

आईनं तीनदा थांबवलं. अर्धा तास गेला. तिचा मुद्दा असा : चोळी शिवायला मापाची जुनी चोळी द्यावी लागते. बाईची अंगातली चोळी परक्या पुरुषाच्या पिशवीतनं तालुक्याला जाते, याचा अर्थ वाडीतल्या कुणालाही कळतो. मास्तरला कळत नाही, कारण तो पोरगा आहे. "म्हाताऱ्याचं चुकलं न्हाई. मास्तरचंबी चुकलं न्हाई. चोळीच तसली असती."

या पुस्तकावर मी कॉलेजात वीस गुणांचं उत्तर लिहिलंय. प्रदेश, निसर्ग, समूहजीवन, सगळं होतं त्यात. चोळी नव्हती.

आणखी एक. दुकानात बायका माप द्यायला यायच्या तेव्हा अण्णा, म्हणजे माझे वडील, उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसायचे. मला वाटायचं, विडी ओढायला.

२० जुलै

संपली. तालीम बांधून झाली, राजा येऊन गेला, कारभारी गेला. मग पाऊस नाही. वाडी मेंढरं घेऊन जगायला बाहेर पडते, आणि शेवटी मास्तरही.

८.४० ला संपवलं. आईच्या डोळ्यांत पाणी.

मग ७२ च्या दुष्काळाचं बोलली. खडी फोडायला गेली होती, नवी नवरी. कामावर खायला मिळायच्या त्या सुकडीची चव अजून जिभेवर आहे म्हणाली, "गोड लागायची, म्हणून जास्त राग यायचा." एवढंच. तिला आणखी विचारावं असं वाटलं, पण तिनं पुस्तक हातात घेऊन मिटवलं आणि पाठीवर थोपटल्यासारखं थोपटून बाजूला ठेवलं.

४ ऑगस्ट

'मृत्युंजय' सोडून दिलं. तीन आठवड्यांचा बेत होता, सहा दिवस टिकला. कर्ण, कुंती, वृषाली, प्रत्येकजण स्वतः बोलतो ही रचना आईला पटकन कळली आणि आवडलीही. पण शिवाजी सावंतांची भाषा मोठ्यानं वाचताना माझाच सूर नाटकातला व्हायला लागला. आई म्हणाली, तू ओरडू नकोस. पुस्तकही मांडीवर जड. कुंतीचा भाग मात्र तिनं पूर्ण ऐकला आणि एक शब्दही बोलली नाही.

३० ऑगस्ट

गणपतीच्या गडबडीत 'रणांगण'. माझं अतिशय लाडकं, म्हणून भीत भीत काढलं. विश्राम बेडेकरांची १९३९ सालची मराठी कादंबरी, आणि घडते सगळी बोटीवर. युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट, हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेले ज्यू, त्यात हॅर्टा, आणि घरी परतणारा चक्रधर. आईला काय झेपणार, असं मनात होतं. हे माझंच छोटेपण, तेही लिहून ठेवते.

पहिला प्रश्न : "तिला मुंबईत उतरू का देत न्हाईत?"

सांगितलं. कागद नाहीत. कुठल्याच देशाला ही माणसं नको होती. शांघायला तेव्हा व्हिसाशिवाय उतरता यायचं, म्हणून इतकी माणसं तिकडे निघाली होती.

"आणि ह्याला उतरता येतंय."

"हो."

"मग उतरला आसंल."

पुढची शंभर पानं तिनं याच एका वाक्यावर ऐकली. चक्रधर मनात कितीही तळमळो, बेडेकरांनी त्या तळमळीला कितीही धार लावो, आई वाट बघत होती तो उतरतो कधी याची. उतरला. नंतर हॅर्टाचं काय झालं ते वाचून दाखवलं. मी अडले, अर्थात. दरवेळी तिथेच अडते. पण आज पहिल्यांदा हॅर्टासाठी अडले. याआधी बहुतेक चक्रधरसाठीच रडत आले होते, त्याच्या वाट्याला किती दुःख आलं म्हणून. तीस वर्षांत चार वेळा वाचलंय हे पुस्तक.

९ सप्टेंबर

'धग'. उद्धव शेळके, १९६०. पितृपंधरवड्यात काढायला नको होतं, पण वाचनालयाची प्रत आत्ताच मिळाली, आणि बाईंनी पंधरा दिवसांचीच मुदत दिली.

तांत्रिक अडचण आधी. संवाद वऱ्हाडीत. 'मले', 'तुले', 'काऊन' डोळ्यांनी वाचताना गोड वाटतात. तोंडानं म्हणताना मी नक्कल करतेय असं ऐकू येतं. मी नोकरी करते त्या शाखेत एक अमरावतीच्या बाई आहेत, त्यांच्याकडून दोन पानं फोनवर बोलून मागवली. त्या ऐकल्यावर कळलं की मी वेगही चुकवत होते आणि हेलही. तीन दिवस सराव केला. आईला नीट जमेपर्यंत ऐकवलं नाही.

दुसरी अडचण मी आईला सांगितलेली नाही. कौतिकचा नवरा महादेव शिंपी आहे. हातात कसब आहे, पण संसार ओढायची धमक नाही. राबते कौतिक. मुलानं शिकावं म्हणून झटते कौतिक. हे पुस्तक मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा एकोणीस वर्षांची होते, आणि वाचून झाल्यावर तीन दिवस अण्णांशी बोलले नव्हते. दुकान आई चालवायची. अण्णा मशीनवर बसायचे, पण अर्धं काम तसंच पडून राहायचं. गिऱ्हाईक आलं की काहीतरी निमित्त काढून उठायचे. कौतिक म्हणजे आई आणि महादेव म्हणजे अण्णा, असा माझा साधा हिशोब होता.

१८ सप्टेंबर

महादेवला महारोग झाल्याचं कळतं तो भाग.

मी कौतिकसाठी अडायच्या तयारीत होते. आईनं हात वर केला.

"बोटं?"

"काय बोटं?"

"महारोगात बोटांचं कळणं जातं. सुई टोचली तरी कळत न्हाई. शिंप्याची बोटं गेली म्हंजे काय ऱ्हायलं त्याचं?"

म्हटलं, पण हा आधीपासूनच आळशी होता की. ती म्हणाली, तुला काय ठाऊक, कधीपासनं? मग सहज, पुढचं पान उलटायची वाट बघत असावी तशी : "तुझ्या बापाचा हात सत्तर टक्के गेलेला तू बारावीला होतीस तवाच. कापायचा. सुईत दोरा जात नव्हता. मी सकाळी धा सुया ओवून ठेवायची."

त्या सुया मला आठवतात. मशीनच्या बाजूला भिंतीवर गादीची एक जुनी उशी टांगलेली असायची, तिच्यावर ओळीनं सुया, प्रत्येकीत हातभर दोरा, लाल, काळा, पांढरा, मोतिया. मला वाटायचं आईला टापटीप आवडते. शाळेतल्या मैत्रिणींना मी ते दाखवायचे.

"सांगितलं का नाही कुणाला?"

"शिंप्याचा हात कापतो म्हणून सांगायचं? मग कापड कोण देणार?"

वाचन तिथेच थांबवलं. ८.२० च वाजले होते. पुस्तक संपलेलं नसताना वेळेच्या आधी थांबण्याची ही एकच नोंद. 'मी कुठे अडले' या रकान्यात पान क्रमांक घातला नाही.

२३ सप्टेंबर

'धग' संपवली. मुदत वाढवून घेतली, दंड दोन रुपये.

शेवटचे पाच दिवस विचित्र गेले. मला कौतिकचा राग येऊ लागला होता. ती महादेवला बोलते तेव्हा मी तिचं वाक्य मुद्दाम हळू वाचायचे. आईनं ते पकडलं. "तिचं बी बरोबर हाय. तू तिला बारीक आवाजात बोलायला लावू नको." शेळक्यांनी कुणाचीही बाजू घेतलेली नाही, माझा आवाज मात्र घेत होता. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी एक बाजू, आता दुसरी. पुस्तक तेच.

१ ऑक्टोबर

खंडेनवमी. मशीन पुसलं, तेल सोडलं, फिरकी काढून आतली कातरण साफ केली. कात्री, टेप, खडू, लाकडी पट्टी पाटावर मांडली. आईनं हातांनी चाचपून प्रत्येकाला हळदकुंकू लावलं. कात्रीचं पातं तिला बरोबर सापडतं, डोळ्यांची गरजच पडत नाही.

मी मापाची वहीही पाटावर ठेवली. तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

१६ ऑक्टोबर

'पाचोळा'. रा. रं. बोराडे यांची १९७१ ची कादंबरी. बोराडे या वर्षी फेब्रुवारीतच गेले. इथेही शिंपी, गंगाराम, पण सांगते त्याची बायको पार्वती, आणि सगळीच्या सगळी मराठवाड्याच्या बोलीत. 'धग'मध्ये संवाद आला की आवाज बदलावा लागायचा. इथे पहिल्या शब्दापासून बाईच बोलतेय, तेव्हा वाचणारीला मध्ये उभं राहायला जागाच नाही. दुसऱ्या दिवसापासून आई पार्वतीला थेट उत्तरं द्यायला लागली. "आगं, गप बस की." "आता त्याला का डिवचतीस?" माझ्याकडे बघतही नाही.

मी बाहेरगावी जाणार म्हणून चार प्रकरणं फोनवर रेकॉर्ड करून ठेवली होती. परत आले तर शेजारच्या दोघीजणी येऊन बसलेल्या, आणि आई त्यांना रेकॉर्डिंग थांबवून गळा आणि मुंढ्यातला फरक समजावून सांगत होती. कथा कुठवर आली ते तिघींनाही सांगता आलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत संपेल. शेवट मला ठाऊक आहे, तिला नाही, आणि नावावरून तिनं अंदाज बांधलाय. "पाचोळा म्हणल्यावर वारं येणारच."

९ नोव्हेंबर

संपली. तिघी होत्या ऐकायला. त्यातली एक रडली. आईनं तिला चहा करायला पाठवलं.

रात्री आईनं विचारलं, मापाच्या वहीत रोज काय लिहितेस? पहिल्या पानापासून वाचून दाखवलं. सुयांची नोंद वाचताना ती म्हणाली, सत्तर टक्के नव्हतं, साठ असेल. दुरुस्त केलं नाही. तिनंच सत्तर म्हटलं होतं. चोळीची नोंद तिला आवडली. सुकडीची नोंद पुन्हा वाचायला लावली.

"पण हे खोटं लिवलंस."

"कुठलं?"

"'आईच्या डोळ्यांत पाणी.' मी रडले न्हवते. थेंब टाकलेले तूच."

"थेंब नऊला असतात, आई."

"तेच म्हणती मी. नऊ वाजलेले."

२० जुलैच्या पानावर 'डोळ्यांत पाणी' खोडून 'थेंब' लिहिलं. वेळेचा रकाना तिला दिसत नाही. तिथे ८.४० आहे, ते तसंच ठेवलं.

पुढचं पुस्तक अजून ठरलेलं नाही. तिची एकच अट आहे, त्यात शिंपी नको.